तीन जागी तीन प्रती

"निलू, आगं थंड खोली पेटली!"

गुंडूमामा म्हणजे माझ्या जुन्या कॉलेजातले शिपाई, आणि थंड खोली म्हणजे तिथल्या ग्रंथालयातली एसीची खोली. मामांचा आवाज एरवी एवढा मोठा असतो की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. त्या दिवशी मात्र मी तो कानाला दाबून धरला होता, कारण मागं नुसता गलका चालला होता. मार्चचा शेवटचा आठवडा, शनिवार, सकाळचे साडेदहा. मी कोल्हापुरात, माझ्या कंपनीच्या गॅलरीत, हातात चहाचा कप.

"कुणाला लागलं का मामा?"

"न्हाई, न्हाई. माणसं समदी भायेर हुती. त्यो एसी हाय न्हवं, त्याच्या बोर्डातनं ठिणगी पडली आन पडद्यानं धरलं. बंब यायच्या आत आमीच पानी मारून इजवली. पर खोलीत आता काय ऱ्हायलं न्हाई बघ."

खरं सांगते, माणसं सुखरूप आहेत म्हटल्यावर मला आतून जरा बरंच वाटलं. आज लाज वाटते, पण तेव्हा वाटलं. कारण ह्याच दिवसासाठी तर मी दीड वर्षं घासली होती.

जगभरातल्या हौशी आणि पगारी अशा मिळून शंभरेक जणांनी फुकट लिहिलेलं एक सॉफ्टवेअर होतं. चार-पाच साध्या मशिनी एकमेकींना जोडायच्या आणि त्यांचं मिळून एक मोठं कपाट करायचं, म्हणजे स्वतःचं घरचं क्लाउडच. कुणीही ते घ्यावं, वापरावं, उघडून त्यात बदल करावेत. त्यात खोट एकच होती. तुमच्या प्रत्येक फाइलच्या ते तीन प्रती ठेवायचं, पण कुठं ठेवायचं ते स्वतःच ठरवायचं. जिथं जागा रिकामी दिसेल तिथं कोंबायचं. त्यात मी भर घातली होती. कुठली प्रत कुठं जावी हे आता वापरणाऱ्याला सांगता येणार होतं. एक ह्या खोलीत, एक त्या इमारतीत, जड फाइली मोठ्या मशीनवर, रोज लागणाऱ्या जवळच्या मशीनवर. हेनिंग नावाचा नॉर्वेचा एक माणूस आमचं काम तपासायचा. त्यानं एकदाच विचारलं होतं, जागा खरी की खोटी हे सॉफ्टवेअरला कळणार कसं? मी तोऱ्यात लिहून टाकलं, माणूस सांगेल की. आपल्या मशिनी कुठं ठेवल्यात हे माणसाला कळतं.

आणि हे सगळं पहिल्यांदा लावलं होतं माझ्याच जुन्या कॉलेजात. गावाचं नाव सांगत नाही. गडहिंग्लजच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आहे, एवढं पुरे.

"मामा, घाबरू नका," मी म्हटलं. "ग्रंथालयातली प्रत गेली, जाऊ दे. रसायनला एक आहे आणि फिजिक्सला एक आहे."

पलीकडचा गलका लांब गेला, मामा फोन घेऊन बाजूला झाले असावेत.

"निलू," मामा हळू म्हणाले, "रसायनची मशीन आन फिजिक्सची मशीन, दोनीबी थंड खोलीतच हुत्या की गं."

"काय?"

"आगं एसी आख्ख्या कॉलेजात एकाच खोलीला हाय. मग मशिनी कुठं ठेवायच्या? तिन्ही तिथंच हुत्या. तूच रजिस्टरचा फोटू मागितलास, मी धाडला."

चहा कधी सांडला कळलं नाही.

आमच्याकडच्या कॉलेजात डेडस्टॉकची वही म्हणजे काय चीज असते, ते बाहेरच्याला कळायचं नाही. खुर्ची, तराजू, पंखा, जे काही विकत घेतलं ते कुठल्या तरी विभागाच्या वहीत चढतं, त्यावर पांढऱ्या रंगानं नंबर पडतो, आणि मग ती वस्तू जन्मभर त्या विभागाची. असते कुठं, हा प्रश्न वेगळा. मी शिकत होते तेव्हा फिजिक्सची स्टुलं कँटीनमध्ये होती आणि भूगोलाचं टेबल जिमखान्यात होतं. हे मला पाठ होतं! तीन वर्षं त्या फिजिक्सच्या स्टुलावर बसून मी कटवडा खाल्ला होता. तरी नोव्हेंबरमध्ये कोल्हापुरातून फोनवर जागा भरायची वेळ आली, तेव्हा मी मामांकडून रजिस्टरच्या पानाचा फोटो मागवला. एक मशीन ग्रंथालय, एक रसायनशास्त्र, एक भौतिकशास्त्र. तीन इमारती, तीन जागा. छान! असं म्हणून मी ते सॉफ्टवेअरला सांगून मोकळी झाले. सॉफ्टवेअर बिचारं माझ्यावर विश्वास ठेवून बसलं.

एकट्या सॉफ्टवेअरनं विश्वास ठेवला असता तर मी एवढी हादरले नसते.

"मॅडमना सांगितलं का?" मी विचारलं.

"न्हाई. गुडघ्याचं आपरेशन झालंय त्यांचं, घरी पडून हायती. कोण सांगणार? तूच ये."

मॅडम म्हणजे डॉ. कुमुदिनी शिंत्रे. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. एकतीस वर्षं त्यांनी आमच्या मुलखातले कडे, सडे, देवराया पायांखाली घातल्या. एकेक झाड आणायचं, दाबून सुकवायचं, जाड कागदावर शिवायचं, कसर लागू नये म्हणून रसकापराचं, म्हणजे पाऱ्याच्या विषाचं पाणी लावायचं, खाली आपल्या बारीक अक्षरात जागा, तारीख, फुलाचा रंग लिहायचा. अशा दोन हजार तीनशे अठरा शीट्स. पण कॉलेजनं त्यांना दिलेली खोली गळकी. निवृत्तीच्या सुमाराला बघितलं तर बुरशीनं निम्म्या शीट्स पोखरल्या होत्या. मग आम्ही एकेक शीट स्कॅन करून त्या तीन मशिनींवर ठेवली. स्कॅन झाल्यावर प्राचार्यांना खोली रिकामी हवी होती, आणि विषारी, बुरशी धरलेले कागद ठेवून घ्यायला कुणीच तयार नव्हतं. रासायनिक कचरा नेणारी गाडी बोलवायचं ठरलं. मॅडम आठवडाभर अडून बसल्या होत्या. शेवटी त्यांनी मला विचारलं होतं, "निलू, देऊन टाकू?"

आणि मी म्हणाले होते, "बिनधास्त द्या मॅडम. तीन जागी तीन प्रती आहेत. एखादी जागा जळून खाक झाली ना, तरी तुमचं एक पान हलणार नाही."

जानेवारीत त्यांनी दिलेल्या शीट्सच्या यादीवर सही केली आणि गाडी गेली.

दुपारी बाराची एसटी मिळाली. खिडकीशी बसले आणि मनात वाक्यं जुळवायला लागले. मॅडम, एक वाईट बातमी आहे. मॅडम, माझी चूक झाली. मॅडम, एसी खराब होता. हे तिसरं वाक्य फार सोयीचं होतं. निपाणी येईपर्यंत मी त्यात इतकी भर घातली की मलाच ते खरं वाटायला लागलं. बोर्ड जुना होता, वायरिंग तपासलं नव्हतं, कॉलेजनं दुर्लक्ष केलं. मग स्वतःचाच राग आला. फोन काढला आणि हेनिंगला लिहिलं की माझं काम येत्या आठवड्यात लोकांना देणार आहात ते थांबवा, त्यात खोट आहे, कारण नंतर कळवते. एवढं लिहायला मला गडहिंग्लजपर्यंतचा रस्ता लागला.

कॉलेजात पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. आवारात काळं पाणी, ओली पुस्तकं उन्हात पसरलेली, आणि तो जळका वास. गुंडूमामा फाटकापाशीच उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तोंडाला काजळी.

"चल," एवढंच म्हणाले.

थंड खोलीची भिंत छतापर्यंत काळी झाली होती. कोपऱ्यात लोखंडी मांडणी वाकून पडली होती आणि तिच्या खाली मशिनींची पत्र्याची खोकी वितळलेल्या वायरीत अडकली होती. मी नाकाला ओढणी लावून वाकले. काठीनं राख बाजूला केली. एक खोकं. त्याच्या पलीकडं दुसरं. मी पुन्हा काठी फिरवली, पार भिंतीपर्यंत.

"मामा, दोनच आहेत."

"तीन असतील. नीट बघ."

"नीटच बघतेय. दोनच आहेत!"

मामा आत आले, स्वतः वाकले, हातानं सगळं उपसलं. खोकी दोनच. पत्रा काही जळून राख होत नाही.

"चोरी?" मी म्हटलं.

"आगं कोन चोरतंय त्ये धूड? मी बुधवारपास्नं रजेवर हुतो, भाचीचं लगीन हुतं नेसरीला. काल रातच्याला आलो." एवढं बोलून मामा थांबले, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "बुधवार! आगं बुधवारी तपासनी हुती!"

"कसली तपासणी?"

पण मामा ऐकायला थांबलेच नाहीत. साठीला आलेला तो माणूस चिखलातून पळत सुटला आणि मी त्यांच्या मागं. मैदान ओलांडून रसायनच्या इमारतीत. विभागप्रमुख हळवणकर सर व्हरांड्यात उभे राहून कुणाला तरी आगीची हकीकत सांगत होते.

"सर, तुमची मशीन!" मामांना धाप लागली होती. "तपासनीला तुमी तुमची मशीन हिकडं आनली हुती का?"

"दोन पोरांना लावून आणली की," सर म्हणाले. "कमिटी येणार म्हटल्यावर आमच्या वहीतली वस्तू आमच्याच विभागात दिसायला नको? मागच्या वर्षी एक तराजू दिसला नाही म्हणून खुलासा लिहून द्यावा लागला होता मला. परत पाठवायची होती, पण पोरं सुट्टीला गेली आणि तू रजेवर. उचलणार कोण? आत पडलीय, ॲसिडच्या कपाटापाशी."

ती तिथं होती! कपाटाच्या आडोशाला, वर धुळीचं फडकं, आणि अंगावर पांढऱ्या रंगात रसायनचा नंबर. मी तिच्यापुढं फरशीवर बसकण मारली. वायर मामांनी लावली. मशीन सुरू झाली. बाकीचे दोन साथीदार सापडत नाहीत म्हणून सॉफ्टवेअरनं जरा कुरकुर केली, आणि मग यादी उघडली. दोन हजार तीनशे अठरा. शेवटचा आकडा मी बोट लावून दोनदा वाचला. मधलीच एक फाइल उघडली. पारगडच्या कड्यावरचं कंदीलपुष्प, आणि खाली मॅडमचं बारीक अक्षर, "फूल हिरवट, आत जांभळी झाक. वारा फार."

मला रडू फुटलं. मोठ्यानं, हुंदके देऊन, लहान पोरीसारखं. मामा पाठीवर थोपटत राहिले आणि स्वतःही डोळे पुसत राहिले. सगळी काजळी चेहराभर झाली.

"वा, वा!" हळवणकर सर मागून म्हणाले. "म्हणजे तुझी योजना फळाला आली म्हणायची. तीन जागी तीन प्रती! एक जागा जळली तरी दुसरी आहेच. थांब, मॅडमना आत्ता फोन करून सांगतो."

मी 'हो' म्हटलं नाही. पण 'नाही'सुद्धा म्हटलं नाही. बसून राहिले. सरांनी तिथल्या तिथं फोन लावला आणि माझं कौतुक मी माझ्या कानांनी ऐकलं.

मॅडमचं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर. मामा सोबत निघाले. थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "निलू, आता गप ऱ्हा. झालं ते ब्येस झालं. कशाला मढं उकरून काढतीस? मी कुनाला बोलायचा न्हाई."

"मामा, चूक माझी होती."

"चूक कुनाची, देव जाने. मला यवडंच वाटतं, नोव्हेंबरात तू फोन केलास तवा नुसतं म्हनायचं हुतं, मामा, थंड खोलीचा मेन स्विच पाडा. मी पाडला असता. तिन्ही मशिनी एकदम गप झाल्या असत्या. तितंच कळलं असतं, तिन्ही एकाच घरात नांदत्यात म्हनून."

मी रस्त्यातच थांबले. दीड वर्षं मी, हेनिंग आणि आणखी सात जणांनी मिळून पानंच्या पानं लिहिली होती, आणि हेनिंगनं एकदा विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र हे होतं. पुढं दोन महिन्यांनी माझं काम लोकांपर्यंत गेलं तेव्हा त्यात एक पायरी जास्तीची होती. तुम्ही जागा सांगितल्या की सॉफ्टवेअर म्हणतं, आता ह्या जागेची वीज बंद करा, कोण कोण गप्प होतं ते मी बघतो. मगच ते जागा मान्य करतं. ती पायरी माझ्या नावावर आहे. गुंडूमामांच्या नावावर असायला हवी होती, पण मी विचारलं तर ते म्हणाले, "माझं नाव नगं बाई, परत कुटल्यातरी वहीत चढायचं."

मॅडम पलंगावर बसून होत्या, पाय उशीवर. मला बघून दोन्ही हात पुढं केले.

"ये गं पोरी! हळवणकरांचा फोन आला होता. आगीचं ऐकलं तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तू म्हणाली होतीस अगदी तस्संच झालं बघ. एक जागा गेली, एक पान हललं नाही. बस. चहा टाकायला सांगते."

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते, हे मला ठाऊक होतं.

"मॅडम, तसं नाही झालं," मी म्हटलं. "तिन्ही मशिनी एकाच खोलीत होत्या. पहिल्या दिवसापासून. मी रजिस्टरात बघून जागा भरल्या. येऊन बघितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला जे सांगितलं ते खोटं होतं, मला माहीत नव्हतं, पण खोटंच होतं. तपासणी बुधवारी नसती, मामा रजेवर नसते, तर आज काही म्हणता काही उरलं नसतं. सरांनी फोन केला तेव्हाही मी गप्प बसले."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग मामांकडं. मामा छताकडं बघत होते.

"रजिस्टरात बघून?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

"डेडस्टॉकच्या?"

"हो मॅडम."

"तीन वर्षं ह्या कॉलेजात काढलीस, आणि डेडस्टॉकच्या वहीवर विश्वास ठेवलास?"

मी मान खाली घातली. मग मॅडम म्हणाल्या, "मामा, दार लावून घ्या जरा. माझी सून ऐकेल. निलू, खाली वाक. पलंगाखाली बघ."

मी वाकले. आत एक पत्र्याची ट्रंक होती. ओढून बाहेर काढली. झाकण उघडलं तर वर एक जुनं लुगडं, त्याखाली प्लास्टिक, आणि प्लास्टिकच्या आत गुंडाळलेले जाड पिवळे कागद. कडेला बुरशीचे काळे ठिपके. वरच्याच कागदावर मॅडमचं अक्षर.

"मॅडम! पण ह्या तर गाडीत..."

"त्रेसष्ट आहेत," मॅडम म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "ज्या पुन्हा कुणाला मिळायच्या नाहीत त्या. यादीवर मी सगळ्या दिल्या म्हणून सही केली. आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही केली. घरात सांगितलंय की जुनी लुगडी आहेत. डॉक्टरांना कळलं तर मला हाकलून देतील, विषावर झोपतेय मी तीन महिने."

मामांना आधी हसू आलं. मग मला. मग मॅडमही हसायला लागल्या, गुडघा धरून, "अगं दुखतंय, हसवू नका" म्हणत. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा तेव्हा कुठं उतरला.

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता," मी डोळे पुसत म्हटलं.

"नव्हता," मॅडम सरळ म्हणाल्या. "फार छातीठोक बोलत होतीस तू. जळून खाक झालं तरी म्हणे! एकतीस वर्षं कड्यावर चढले मी, निलू. पाय घसरणारच नाही असं म्हणणाऱ्याच्या दोराला मी कधी हात लावला नाही. आणि तरी तुला काही बोलता येईना, एवढ्या उत्साहानं करत होतीस. रोज वाटायचं, पोरीला फसवतेय मी."

त्यांनी पलंगाशेजारच्या काठीनं ट्रंक माझ्याकडं थोडी सरकवली.

"आता घेऊन जा ह्या. कोल्हापूरला विद्यापीठात नीट सीलबंद करून ठेवायची सोय बघ."

"आता? आज माझी एवढी चूक कळल्यावर?"

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "आता तुला भीती कशी असते ते कळलं. आता तू स्वतः जाऊन बघशील."

मी ट्रंकेला हात घालणार तोच त्या ओरडल्या, वर्गात ओरडायच्या तशाच.

"हातमोजे! रसकापूर आहे त्याला. आणि आधी साबणानं हात धुऊन ये, मग चहा."